पहिला रिझ्युमे, रेफरन्स आणि कव्हर लेटर : नव्या उमेदवाराला मदत करणाऱ्यांसाठी

पहिल्यांदा नोकरीला अर्ज करणाऱ्या मुला-मुलींना रिझ्युमे लिहायला बसवलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "माझ्याकडे लिहिण्यासारखं काहीच नाही." ते खरं नसतं, पण त्यांना मनापासून तसंच वाटत असतं. मदत करणारा इथेच घसरतो. एक तर "असं कसं, तू किती हुशार आहेस" म्हणून धीर देत बसतो, नाहीतर लॅपटॉप आपल्याकडे ओढून स्वतःच टाइप करायला लागतो. धीर दिल्याने कागद कोराच राहतो. स्वतः टाइप केल्याने तो भरतो, पण मुलाखतीत कुणी "हे जरा सविस्तर सांगा" म्हटलं की मुलगी गप्प होते, कारण ते वाक्य मुळात तिचं नसतंच.

तेव्हा प्रश्न तुमचे, शब्द तिचे. कीबोर्डही तिच्याचकडे. दोन बैठका धरा, प्रत्येकी तास-सव्वा तासाच्या, मध्ये एक-दोन दिवस जाऊ द्या. सगळं एका दमात उरकायला गेलात तर निम्म्या गोष्टी आठवतच नाहीत. त्या रात्री झोपताना आठवतात.

पहिली बैठक : लॅपटॉप बंद

मोठा कागद आणि पेन घ्या. "तुझी बलस्थानं काय?" असं विचारू नका. त्याला "मेहनती, प्रामाणिक, टीममध्ये काम करायला आवडतं" हेच उत्तर येणार. घडलेल्या गोष्टी विचारा. कुणी तुझ्यावर किल्ली, पैसे किंवा लहान मूल विश्वासाने सोपवलं होतं का? लोक तुझ्याकडे नेमकं काय विचारायला येतात? तू आजारी पडलीस तेव्हा कुठलं काम अडलं? कॉलेजच्या कार्यक्रमात पडद्यामागे काय केलंस? कुठे चुकलीस, आणि मग काय बदललंस? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर रिझ्युमेत बहुधा जात नाही, पण मुलाखतीत सोन्यासारखं उपयोगी पडतं.

प्रत्येक गोष्टीपुढे तीन नोंदी हव्यात : कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, कुणासाठी, आणि आठवड्याला साधारण किती तास. वीस-पंचवीस नोंदी निघाल्या की थांबा. त्यातल्या आठ-दहा शेवटी वापरल्या जातील.

खरं काम पुढे आहे. प्रत्येक नोंद खणायची. समजा तिने लिहिलं, "सुट्टीत स्टेशनरीच्या दुकानात मदत केली."

"मदत म्हणजे काय करायचीस?"
"काउंटरवर बसायचे."
"रोज किती तास?"
"चार-पाच. शाळा सुरू व्हायच्या आधी मात्र दिवसभर."
"तेव्हा गिऱ्हाईकं किती यायची?"
"मोजली नाहीत कधी. पण शंभर पानांचं बिलबुक दोन दिवसांत संपायचं."
"म्हणजे दिवसाला पन्नासेक बिलं. रात्री गल्ला कोण मोजायचं?"
"मीच."
"आणि जुळला नाही तर?"
"दोनदा नाही जुळला. मग मी सुटे पैसे वेगळे लिहून ठेवायला लागले."

पाच मिनिटांत मूळ ओळीची जागा ही ओळ घेते : "स्टेशनरी दुकानाचा काउंटर ६ आठवडे सांभाळला, गर्दीच्या दिवसांत रोज सुमारे ५० बिले केली, दिवसअखेर रोख रकमेचा हिशेब जुळवला." गल्ला न जुळल्याची गोष्ट इथे नको. ती कव्हर लेटरसाठी, म्हणजे अर्जासोबतच्या पत्रासाठी, राखून ठेवा.

यातला पन्नासचा आकडा बिलबुकातून आला, हवेतून नाही. आकडा कुठून आला हे उमेदवाराला एका वाक्यात सांगता येत असेल तरच तो कागदावर ठेवायचा. "सुमारे" लिहिण्यात कमीपणा नाही. "विक्रीत ३० टक्के वाढ घडवली" असली वाक्यं नमुन्यांतून उचललेली असतात, आणि मुलाखत घेणाऱ्याच्या पहिल्याच प्रश्नाला गळून पडतात.

जाहिरात पेनने वाचा

एक खरी जाहिरात समोर असल्याशिवाय रिझ्युमे लिहायला घेऊ नका. ती छापून घ्या. जे आवश्यक म्हटलंय त्याखाली सरळ रेघ, जे "असल्यास प्राधान्य" म्हटलंय त्याखाली नागमोडी. मग रोज काय करावं लागणार आहे ती क्रियापदं गोल करा : नोंदी ठेवणे, फोन घेणे, माल मोजणे. प्रत्येक खुणेशेजारी कच्च्या यादीतल्या जुळणाऱ्या नोंदीचा क्रमांक टाका. जिथे क्रमांक सापडत नाही तिथे फुली.

फुल्या बघून घाबरायचं नाही, पण फुली-फुलीत फरक असतो. कायद्याने लागणारा परवाना किंवा पदवी नसेल तर तो अर्ज सोडून द्या, वेळ वाया जाईल. "एक-दोन वर्षांचा अनुभव" मागितला असेल आणि बाकीच्या सरळ रेघांपैकी निम्म्याहून अधिक जुळत असतील तर अर्ज जरूर करावा. मुलं, त्यातही मुली, सगळ्या अटी जुळल्याशिवाय अर्जच करायचा नाही असं समजून मागे राहतात.

जाहिरातीतला शब्द खरा असेल तर तोच वापरा. त्यांनी "ग्राहक सेवा" लिहिलं असेल तर तुम्ही "गिऱ्हाइकांशी व्यवहार" लिहू नका. मोठ्या ठिकाणी अर्ज आधी सॉफ्टवेअरमध्ये साठतात आणि भरती करणारे त्यात शब्द टाकून शोधतात. शब्द नसेल तर उमेदवार शोधात वर येतच नाही.

रिझ्युमे : एक पान, आणि त्याचा वरचा तिसरा हिस्सा

नव्या उमेदवाराला एक पान पुरतं. ए-फोर कागद, चारी बाजूंना २ सेंटिमीटर समास, मजकूर १०.५ किंवा ११ पॉइंट, नाव १६ पॉइंट, संपूर्ण पानावर एकच फाँट. मजकूर पानात बसत नाही म्हणून अक्षर ९ पॉइंटवर आणू नका, एक नोंद काढा.

रिझ्युमे सहा सेकंदांत पाहिला जातो, असं सगळीकडे सांगतात. ते 'लॅडर्स' नावाच्या नोकरीविषयक कंपनीच्या २०१२ च्या पाहणीतून आलं. २०१८ मध्ये त्यांनीच पुन्हा मोजलं तेव्हा ७.४ सेकंद भरले. ही पहिली नजर आहे, पूर्ण वाचन नव्हे, हे सांगणारे विसरतात. तरी त्यातून घेण्यासारखं आहे ते हे की सगळ्यात भक्कम गोष्ट पानाच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यात असावी. सहसा नावानंतर दोन ओळींची ओळख, मग शिक्षण, मग अनुभव, मग कौशल्यं. पण अर्ज काउंटरच्या कामाचा असेल आणि काउंटरचा अनुभव असेल तर तो शिक्षणाच्या वर चढवा. बिनपगारी, स्वयंसेवेचं, घरच्या धंद्यातलं काम हाही अनुभवच. "बिनपगारी" असं प्रामाणिकपणे लिहिलं की झालं.

दोन ओळींच्या ओळखीत "आव्हानात्मक वातावरणात माझ्या क्षमतांचा विकास" हे वाक्य दिसलं की खोडा. ते कुणाच्याही रिझ्युमेत खपतं, म्हणजे कुणाचंच नाही. त्याऐवजी : "वाणिज्य शाखेची पदवीधर. काउंटर, रोख हिशेब आणि एक्सेलमधील नोंदींचा अनुभव. सायंकाळच्या पाळीत काम करण्याची तयारी."

संपर्कात फोन, ईमेल आणि गावाचं नाव पुरे. घराचा पूर्ण पत्ता, जन्मतारीख, धर्म, वैवाहिक स्थिती, ओळखपत्रांचे आणि बँक खात्याचे क्रमांक मागितल्याशिवाय देऊ नयेत. ही फाइल किती हातांतून जाईल यावर आपला ताबा नसतो. फोटोचे रिवाज देशागणिक वेगळे आहेत. जर्मनीत तो लावण्याची जुनी पद्धत आहे, अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये लावू नये असंच सांगतात. जाहिरात सांगेल तसं करावं.

इंग्रजी मार्गदर्शकांत "प्रत्येक ओळ क्रियापदाने सुरू करा" असं असतं. इंग्रजी रिझ्युमेला तो सल्ला चांगला आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं, तेव्हा मराठी रिझ्युमेत ओळीची सुरुवात कामाच्या नावाने किंवा आकड्याने करा आणि "केले, जुळवले, तपासले" हे शेवटी येऊ द्या. "करण्यात आले" मात्र नको. कुणी केलं तेच त्यात हरवतं. एका कामाखाली दोन ते चार ओळी, त्याहून जास्त नाही. भाषा जाहिरातीची असेल ती.

कौशल्यांच्या रकान्यात सगळ्यात जास्त थापा असतात, आणि बऱ्याच नकळत मारलेल्या. "एक्सेल येतं" म्हटलं की लगेच एक छोटी यादी देऊन करून दाखवायला सांगा. सॉर्ट, फिल्टर आणि बेरीज-सरासरी जमली तर तेवढंच लिहा : "एक्सेल : याद्यांची क्रमवारी, फिल्टर, बेरीज व सरासरीची सूत्रे." हे "एक्सेलमध्ये निष्णात" यापेक्षा जास्त विश्वासार्ह वाटतं. पाचपैकी चार तारे, ८० टक्के भरलेली पट्टी हे प्रकार काढून टाका. कशाचे ८० टक्के? भाषांच्या बाबतीत बोलणं, वाचणं, लिहिणं वेगवेगळं सांगा. परकीय भाषेची परीक्षा दिली असेल तर प्रमाणपत्रावरची पातळी लिहा. युरोपीय चौकटीत ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पातळ्या आहेत आणि त्या बऱ्याच ठिकाणी ओळखल्या जातात.

मध्ये रिकामं वर्ष असेल तर ते लपवायला तारखांची मोडतोड करू नका. "घरातील आजारी व्यक्तीची देखभाल" ही एक ओळ पुरते. कारण सांगायचं नसेल तर त्या काळात केलेलं काहीतरी लिहा, एखादा लहान कोर्स का असेना. तेही नसेल तर वर्षं जशी आहेत तशी राहू द्या, आणि मुलाखतीसाठी दोन वाक्यांचं उत्तर तयार ठेवा.

आता तांत्रिक भाग. हा कंटाळवाणा आहे आणि चांगले अर्ज इथेच मरतात. इंटरनेटवरचे दोन रकान्यांचे रंगीत साचे माणसाला छान दिसतात, पण अर्ज वाचणारं सॉफ्टवेअर डावी-उजवी ओळ एकत्र करून खिचडी करू शकतं. टेक्स्ट बॉक्समधला मजकूर गळू शकतो, हेडरमध्ये, म्हणजे पानाच्या वरच्या पट्टीत, टाकलेला फोन नंबरही. चाचणी सोपी आहे. पीडीएफ उघडा, सगळा मजकूर निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. क्रम बिघडला, फोन गायब झाला किंवा काहीच आलं नाही, तर साचा टाकून सरळ एका रकान्यात लिहा. काहीच आलं नाही म्हणजे ती पीडीएफ नुसतं चित्र आहे : कागदाचा मोबाइलवर काढलेला फोटो किंवा स्कॅन. मराठीत लिहिताना युनिकोडच वापरा. जुन्या फाँटांमध्ये टाइप केलेलं याच चाचणीत रोमन अक्षरांचा काला होऊन बाहेर पडतं.

फाइलचं नाव "रिझ्युमे फायनल नवीन २" नको. आडनाव, नाव, पद, एवढंच. मग प्रिंट काढा, मोठ्याने वाचा, आणि एकदा खालच्या ओळीपासून वर वाचत या. वरून वाचताना डोळा सरावलेला असतो, चुका निसटतात. शेवटी कागदावरचा फोन नंबर बघून तुमच्या फोनवरून लावा. तिचा फोन वाजला पाहिजे. हसण्यावारी नेऊ नका, एक आकडा चुकलेले रिझ्युमे खूप असतात आणि त्या मुलांना आपल्याला फोन का येत नाही हे कधीच कळत नाही.

रेफरन्स : आधी विचारा, मग नाव द्या

रेफरन्स म्हणजे उमेदवाराच्या कामाबद्दल विचारल्यावर सांगू शकणारी व्यक्ती. दोन नावं पुरतात, तिसरं राखीव. ज्यांनी तिला काम करताना किंवा शिकताना पाहिलंय अशी माणसं हवीत : शिक्षक, प्रशिक्षक, दुकानाचे मालक, स्वयंसेवी कामाचे समन्वयक. नातेवाईक चालत नाहीत, दुकान काकांचंच असलं तरी. अशा वेळी त्याच दुकानातले जुने कर्मचारी किंवा नियमित माल देणारे विक्रेते विचारून पाहा. घरच्यांचा आग्रह बहुतेकदा एखाद्या बड्या हुद्द्यावरच्या ओळखीच्या नावाचा असतो. त्या गृहस्थांना फोनवर "ती कोणत्या प्रकारचं काम करायची?" विचारलं आणि ते अडखळले, तर ते नाव नसतं तर बरं झालं असतं.

विचारताना समोरच्याला नाही म्हणायची वाट ठेवायची. असा मेसेज चालेल : "सर, मी ग्रंथालय सहायक पदासाठी अर्ज करते आहे. माझ्या कामाबद्दल त्यांनी विचारलं तर आपण मोकळेपणाने चांगलं सांगू शकाल का? आपल्याला वेळ नसेल किंवा अवघड वाटत असेल तर तसं सांगा, मी समजू शकते." उत्तर "बरं, देऊन टाक नाव" असं तुटक आलं तर ते नाव देऊ नका. कोमट रेफरन्स रेफरन्स नसण्यापेक्षा वाईट.

होकार मिळाला की त्याच दिवशी त्यांना तीन गोष्टी पाठवा : रिझ्युमे, जाहिरात, आणि त्यांच्यासोबत केलेल्या कामाच्या तीन आठवणी, तारखांसकट. अशी आठवण करून देणं हा आगाऊपणा नसतो. शेकडो विद्यार्थी शिकवणाऱ्या माणसाला तिचं नाव आठवेल, प्रकल्प आठवेलच असं नाही.

रेफरन्सचा कागद वेगळा ठेवा : नाव, पद, संस्था, नातं आणि कालावधी ("दोन वर्षे प्रकल्प मार्गदर्शक"), फोन, ईमेल, फोन करायची सोयीची वेळ. तो मागितल्यावरच द्यायचा. रिझ्युमेच्या तळाशी "रेफरन्स मागितल्यास मिळतील" ही ओळ लिहून जागा घालवू नका, ते सगळ्यांना माहीतच असतं. कागद दिला त्याच दिवशी त्या व्यक्तींना कळवा, नाहीतर अनोळखी नंबर म्हणून ते फोन उचलणार नाहीत.

लेखी शिफारसपत्र ही निराळी गोष्ट. ते हवं असेल तर किमान दोन आठवडे आधी मागा. "ज्याच्याशी संबंध असेल त्यांना" अशा मायन्याच्या सर्वसाधारण पत्राचं वजन कमी, ठरावीक पदासाठी लिहिलेल्याचं जास्त. निकाल काहीही लागो, रेफरन्स देणाऱ्यांना कळवायला विसरू नये. पुढच्या वेळी त्यांच्याकडेच जायचं असतं.

कव्हर लेटर

इथे रिझ्युमेच पुन्हा परिच्छेदांत लिहिण्याची चूक बहुतेक जण करतात. पत्राला एकच काम आहे : संस्थेची गरज आणि उमेदवाराचा एखादा अनुभव यांची गाठ मारून दाखवणं. साधारण १४८२ च्या सुमारास लिओनार्दो दा विंचीने मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्त्झा याला कामासाठी लिहिलेल्या पत्राचा मसुदा उपलब्ध आहे. स्फोर्त्झाला युद्धाची चिंता होती, म्हणून पत्रात आधी हलके पूल, तोफा, वेढ्याची यंत्रं. शिल्प आणि चित्रकला अगदी शेवटी. आपल्याला काय आवडतं यापेक्षा समोरच्याला काय हवंय हे आधी, एवढं त्यातून उचलायचं.

अडीचशे-तीनशे शब्दांच्या वर जाऊ नका. कमी चालेल. वरच्याच मुलीचं ग्रंथालयासाठीचं पत्र असं होऊ शकतं :

"महोदय,
आपल्या जाहिरातीत सायंकाळी एकट्याने काउंटर सांभाळू शकेल अशी व्यक्ती हवी असल्याचे म्हटले आहे. ते काम मी दुसऱ्या ठिकाणी केले आहे, म्हणून सहायक पदासाठी हा अर्ज.
गेल्या सुट्टीत ६ आठवडे मी स्टेशनरी दुकानाचा काउंटर सांभाळला. गर्दीच्या दिवसांत रोज सुमारे ५० बिले होत. दोनदा रोख जुळली नाही, तेव्हापासून सुट्या पैशांची वेगळी नोंद ठेवू लागले आणि नंतर हिशेब जुळत गेला. पुस्तकांच्या देवघेवीतही प्रत्येक नोंद त्या क्षणीच करण्याची ही सवय उपयोगी पडेल.
ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर मी अजून वापरलेले नाही. एक्सेलमध्ये याद्या करणे, क्रम लावणे मला येते, आणि नवी प्रणाली शिकण्यासाठी रुजू होण्याआधी येऊन बसण्याची माझी तयारी आहे.
मी रोज दुपारी ३ नंतर उपलब्ध आहे. आपण सांगाल त्या वेळी भेटीस येईन."

तिसरा परिच्छेद बघा. जे येत नाही ते सांगितलंय, पण तिथे थांबलेली नाही. "मला अनुभव नाही, तरी कृपया संधी द्यावी" या विनवणीत आणि यात हाच फरक. पत्राचा मायना शक्य तर नावाने असावा. जाहिरातीत किंवा संस्थेच्या संकेतस्थळावर नाव सापडलं तर स्पेलिंग दोनदा तपासा. जुन्या पत्रातल्या दुसऱ्याच कंपनीचं नाव राहून जाणं हा प्रकार इतका सर्रास होतो की पाठवण्याआधी त्या नावासाठी फाइलमध्ये शोध लावायची सवयच लावून घ्यावी.

एआयकडून पत्र लिहून घेतलं तर? शुद्धलेखन, लांबी आटोक्यात आणणं यासाठी ठीक. पण त्याला बिलबुक माहीत नसतं. म्हणून तो "उत्कृष्ट संवादकौशल्य" लिहितो, आणि त्याच आठवड्यात तसलीच पत्रं आणखी शंभर जण पाठवतात. आधी स्वतः खरडायचं, मग हवं तर त्याच्याकडून घासून घ्यायचं, आणि न केलेलं काम त्यात घुसलंय का ते ओळीओळीने पाहायचं.

पाठवताना

विषयाच्या ओळीत पदाचं नाव आणि जाहिरातीचा क्रमांक असेल तर तो. ईमेल रिकामा ठेवून नुसत्या फाइल जोडू नका. चार ओळी हव्यात. फाइल आधी जोडा, मजकूर मग लिहा, आणि समोरच्याचा पत्ता सगळ्यात शेवटी टाका. चुकून अर्धवट ईमेल जाण्याचा धोका त्याने टळतो. पहिला ईमेल तुम्हाला स्वतःला पाठवायला सांगा आणि तो मोबाइलवर उघडून बघा. उत्तर आलं नाही तर सात-दहा दिवसांनी एकदा नम्र चौकशी, जाहिरातीत मनाई नसेल तर. दुसऱ्यांदा नको. अर्ज तपासायला किंवा "जागा राखून ठेवायला" कुणी पैसे मागितले की तिथेच संपवा.

एका वहीत प्रत्येक अर्जाची ओळ ठेवा : तारीख, संस्था, पद, पाठवलेल्या फाइलचं नाव, रेफरन्स दिले का. आणि जाहिरातीची पीडीएफ किंवा स्क्रीनशॉट त्याच दिवशी जपून ठेवा. मुदत संपली की ती संकेतस्थळावरून उतरते, आणि मुलाखतीचा फोन त्यानंतर येतो.